त्या दिवशी उरुळीजवळून मी उठले होते

माधवा, दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. तुझ्या रघूने पिंड ठेवून हात मागे घेतला नाही तोच घाटाच्या भिंतीवरून एक उतरला, चोचीत भात घेतला आणि कावेरीच्या पलीकडे निघून गेला. भटजी म्हणाले, "वैद्यरांची कशातच आस उरली नव्हती." सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला.

घरून निघतानाच मी एक वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. वाटलं होतं, कावळा अडून बसेल. लोक म्हणतील, रघूला सांभाळू, घर सांभाळू. तरी तो हलणार नाही. मग मी पुढे होऊन म्हणेन, "माधवा, त्या दिवशी उरुळीजवळून मी उठले होते. साहेबांना मी तसं लिहून देईन." तू ती वेळच येऊ दिली नाहीस. जिवंत होतास तेव्हाही माझं बोलणं पुरं होण्याआधी उठून जायचास.

म्हणून हे लिहिते आहे. कावळ्याने मागितलेलं नसताना.

माझं शिक्षण तमिळ शाळेत चार इयत्ता आणि अप्पांनी घरी शिकवली तेवढी मराठी. शुद्धलेखन रघूने पाहिलं आहे. मजकुराला मी हात लावू दिलेला नाही.

समाचाराला येणारे तुला देवमाणूस म्हणतात. मी ऐकून घेते. तू देवमाणूस नव्हतास. पान वाढलं की "आलोच" म्हणायचास आणि भात गार झाल्यावर यायचास. पट्टीश्वरमहून कुणी रोगी आला की माझ्या ओल्या लुगड्याच्या दोरीला त्याची छत्री टांगायचास. आणि हट्टी इतका, की एकदा एखादी गोष्ट खरी वाटली म्हणजे घरातलं माणूस चार दिवस बोललं नाही तरी तुला चालायचं. चार दिवस न बोलणारं ते माणूस मीच.

त्या भांडणापासून सुरुवात करते, कारण ते अजून संपलेलं नाही.

मी एकोणिसाव्या वर्षी परत माहेरी आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. माझ्या नवऱ्याला काय झालं ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आता मी बोलते. तो मठाच्या ओवरीत बैराग्यांबरोबर बसून चिलीम ओढायचा. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी उठल्या उठल्या. आश्विनातल्या पावसात नदी भरलेली असताना त्या धुंदीत स्नानाला उतरला. तिसऱ्या दिवशी तिरुवलंचुळीच्या बाजूला सापडला. माझं डोकं भादरलं, मला घरी आणलं. आणि तेरावं झाल्यावर आठच दिवसांत अप्पांनी माझ्या हातात लाकडी पळी दिली आणि म्हणाले, "सेतू, आजपासून लेह्यम् तू ढवळायचंस."

कुठलं लेह्यम् ते तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांना सांगते. आपले पणजोबा तंजावूरच्या दरबारात वैद्य होते. त्यांच्यापासून आपल्या घरात गांजाच्या पानाचं एक लेह्यम्, म्हणजे चाटण, होतं. ज्याचं दुखणं बरं होण्यातलं नाही, ज्याला अन्न जात नाही आणि दुखण्याने झोप लागत नाही, त्याला ते चिंचोक्याएवढं द्यायचं. पान कापडात बांधून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, सावलीत वाळवायचं, मंद आचेवर तुपात परतून वाटायचं. मग उरुळीत, म्हणजे पितळेच्या पसरट भांड्यात, पाक, सुंठ, मिरी, वेलची, आणि शेवटी ते हिरवं वाटण. वाटण घातल्यापासून तूप कडेला सुटेपर्यंत एकाच माणसाने ढवळायचं. मध्ये बोलायचं नाही, हात बदलायचा नाही आणि उठायचं तर नाहीच. अप्पा म्हणायचे, बाकी कुठे चुकलं तर चव बिघडेल, इथे चुकलं तर एका घासात काहीच नाही आणि दुसऱ्या घासात दहा घासांचं येईल.

ज्या पानाने माझं कपाळ पांढरं केलं ते पान मी बावन्न वर्षं ढवळलं. मनातून एकदाही नाही.

तू वैद्य झालास तेव्हा मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, "हे एक औषध तू बंद कर. बाकीची पन्नास आहेत."

"का बंद करू?"

"पान तेच आहे, माधवा. चिलमीत गेलं काय आणि उरुळीत गेलं काय."

तू त्या वेळी खलात काहीतरी खलत होतास. मान वर न करता म्हणालास, "भावजी कावेरीत बुडाले, अक्का. तू कावेरीचं पाणी प्यायचं सोडलंस?"

मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तुला ताक वाढताना मला उत्तर सुचलं. मी म्हणाले, "कावेरी कुणाला बोलावत नाही. पान बोलावतं." तू ताक पिऊन घेतलंस आणि उठलास. त्याचं उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस. मी थांबले होते. तीस वर्षं थांबले होते.

पुढे दारूबंदी आली. ताडीच्या दुकानाबरोबर गांजाचं दुकानही बंद झालं, त्या दिवशी मी पायसम् केलं. तू दोन वाट्या खाल्ल्यास आणि म्हणालास, "दुकान बंद झालं, फार चांगलं झालं. उद्या माझी बरणी बंद झाली तर?"

"नाचेन," मी म्हणाले.

"बघू."

दुकान बंद झाल्यावर वैद्यांना औषधापुरतं पान परवान्यावर मिळायला लागलं. सरकारी शिक्क्याच्या पुडक्यात, मोजून. किती घेतलं, कुणाला दिलं, सगळं लिहून ठेवायचं. कितीतरी वैद्यांनी कटकट नको म्हणून ते औषधच सोडलं. तू सोडलं नाहीस. गावात तुला "गांजा वैद्यर" नाव पडलं. बाजारात भाजीवाली मला विचारायची, "काय अम्मा, गांजा वैद्यर जेवले का?" मी घरी येऊन तुझ्यावर ओरडायचे. तू हसून म्हणायचास, "जेवलो म्हणून सांग."

कण्णम्मा त्याच सुमाराला आपल्याकडे आली. आरुमुगमची बायको. आरुमुगम पितळेची भांडी ओततो, आपली लेह्यमची मोठी उरुळी त्याच्या बापाने ओतलेली. कण्णम्माच्या पोटात गाठ होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि परत शिवून घरी पाठवलं. आरुमुगम तिला बैलगाडीत घालून आपल्या ओट्यापर्यंत घेऊन आला तेव्हा ती चादरीतून हाडांच्या मोळीसारखी दिसत होती. तू तिला सांगितलंस, "बरी करीन असं मी म्हणत नाही, अम्मा. जेववीन, झोपवीन."

आणि जेववलंस. मी दर आठवड्याला डबी घेऊन तिच्या घरी जायचे. तिसऱ्या आठवड्याला ती उठून भिंतीला टेकून दहीभात खात होती. मला म्हणाली, "अम्मा, लेह्यम् घेतलं की दुखणं जात नाही हो. शेजारच्या खोलीत जाऊन बसतं. तिथून ओरडतं, पण माझ्या अंगावर येऊन बसत नाही."

मी ते घरी येऊन तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकला असतास. हे माझं पहिलं न सांगितलेलं.

दुसरं आता सांगते.

महामखम्, आपल्या गावचं बारा वर्षांनी येणारं मोठं स्नान, माघात होतं, त्याच्या आधीचा आश्विन. माझ्या नवऱ्याची तिथी. वर्षातला तो एक दिवस मी पान शिवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास.

"अक्का, कण्णम्माची डबी संपली. आज लेह्यम् करायला हवं."

"आज नक्को."

"उद्यापर्यंत तिने काय करायचं?"

"आज कुठली तिथी आहे ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तू म्हणालास. "मी ढवळतो. पण पाक घट्ट व्हायला लागला की माझा खांदा धरतो, तुला ठाऊक आहे. अर्ध्यात सोडावं लागलं तर?"

मी चडफडत बसले. पान तूच धुऊन वाळवून ठेवलं होतंस, परतून वाटून दिलंस. मग ओट्यावर रोगी आले म्हणून तू बाहेर गेलास. मी चुलीसमोर पाट मांडला. परसातल्या भिंतीवर नवऱ्याच्या नावाचा भात मी सकाळीच कावळ्यासाठी ठेवला होता. दारातून तो मला समोर दिसत होता. एकही कावळा आला नव्हता. इतर दिवशी पापड वाळत घालू देत नाहीत, आणि त्या दिवशी एक नाही. पाकात मी हिरवं वाटण घातलं, ढवळायला लागले, आणि डोळा सगळा भिंतीवर. मनात आलं, हे पान हातात घेऊन बसले आहे म्हणून तो येत नाही. माझ्यावर रुसला आहे. ज्याने जन्मभर मला काही दिलं नाही, त्याच्या रुसण्याची मला एवढी काळजी. आता लिहिताना स्वतःचाच राग येतो.

मी उठले. हात धुतले, परसात गेले, "का का" करून बोलावलं. आंब्याच्या फांदीवर एक दिसला, तो उतरेना. मी आत आले, पुन्हा बाहेर गेले. किती वेळ ते सांगता येणार नाही. परत येऊन पळी घातली तेव्हा लेह्यम् तळाला धरलं होतं. मी जोर लावून ढवळलं. वरून दिसायला सारखं दिसलं. तूपही कडेला सुटलं. मी डबी भरली. तळाचंच भरलं गेलं असणार.

कण्णम्माने दुपारी नेहमीएवढंच घेतलं. संध्याकाळच्या आत ती हसायला लागली, मग रडायला, मग छाती धरून "मेले, मेले" म्हणून ओरडायला. मेलेली सासू उंबऱ्यावर बसून आपल्याला शिव्या देते आहे असं तिला दिसत होतं. गल्ली जमा झाली. तू धावत गेलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलास. तोवर तिची नाडी तुझ्या बोटांखाली होती. ती निभावली. पुढे शुद्धीत आल्यावर मला म्हणाली, "सासू मेल्यावरही डाळीत मीठ कमी म्हणत होती, अम्मा." पण त्या दिवशी गल्लीतल्या कुणालाच हसू आलं नव्हतं, आणि त्यातल्याच कुणीतरी परवान्याच्या कचेरीत कळवलं.

घरी आल्यावर तू आंघोळही केली नाहीस. बरणीतलं वरचं लेह्यम् बोटभर घेतलंस, तळाचं बोटभर घेतलंस आणि केळीच्या पानावर शेजारी शेजारी पसरलंस. वरचं तांबडं होतं. तळाचं हिरवं.

"अक्का, ढवळताना काही झालं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

तू परसाच्या दाराकडे पाहिलंस. भिंतीवर भात तसाच होता. मग पान गुंडाळलंस आणि टाकून आलास. पळी स्वतः घासून खुंटीला लावलीस. तुला कळलं होतं. मला ठाऊक होतं की तुला कळलं आहे. त्यानंतर आपण नऊ महिने एका घरात राहिलो, रोज एकमेकांचं तोंड पाहिलं आणि त्यावर एक शब्द बोललो नाही.

कचेरीचे साहेब चौकशीला यायच्या आदल्या दिवशी आरुमुगम आला. तू ओट्यावर होतास, मी दाराआड.

"अय्या, मी सांगतो, हिने दोन वेळचं एकदम खाल्लं. तीही तसंच म्हणेल. कुणाचं काय जातं?"

"तुझ्या बायकोचं जातं," तू म्हणालास.

"माझ्या बायकोला औषध हवंय, अय्या! तुमचा परवाना गेला तर ती काय खाईल?"

"आरुमुगम, तू असं सांगितलंस तर उद्या साहेब लिहील, हे औषध रोग्याच्या हातात देण्यासारखं नाही. मग माझाच काय, कुणाचाच परवाना राहणार नाही. चूक औषध करण्यात झाली. करण्यातली चूक सुधारता येते."

आरुमुगम रडायला लागला. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस. तू त्याला पाणी दिलंस, पण शब्द बदलला नाहीस. मी दाराआड उभी होते. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं.

साहेब तरुण होते, सभ्य होते. बूट पायरीखाली काढून ओट्यावर बसले. वही उघडून विचारलं, "वैद्यर, औषधात दोष होता, की बाईंनी जास्त घेतलं?"

"औषधात दोष होता."

त्यांनी लेखणी थांबवली. "असंच लिहू?"

"लिहा. आणि त्याच्या खाली हेही लिहा, की औषध चांगलं आहे. दोन्ही खरं आहे. एक लिहून दुसरं सोडू नका."

"तुम्ही आपल्या हाताने आपला परवाना घालवता आहात, हे कळतंय ना?"

"कळतंय. चिलमीची दुकानं तुम्ही बंद केलीत, मला आनंद झाला. माझ्या घरातलंच एक माणूस चिलमीने गेलं आहे. पण ज्याला दुखतंय त्याला दुकानात बसलेल्याबरोबर मोजू नका. त्याला द्यायला कडक नियम करा. माझ्यासारख्याने चूक केली तर माझी बरणी जप्त करा. औषध जप्त करू नका."

माझ्या नवऱ्याबद्दल तू बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदाच बोललास. नाव न घेता, कमीपणा न आणता.

मग साहेबांनी विचारलं, "हे ढवळतं कोण?"

"मी," तू म्हणालास.

एवढा वेळ खरं बोलून आरुमुगमला रडवलंस, परवान्यावर पाणी सोडलंस, आणि त्या एका प्रश्नाला सरळ खोटं बोललास. तोंडावर काहीही हललं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. बरणीला लाख लावून घेऊन गेले. परवाना थांबवला.

बरणी बंद झाली, माधवा. मी नाचले नाही.

त्यानंतर मी आरुमुगमच्या गल्लीतून जाणं टाळायला लागले. टाळून जमेना, कारण कण्णम्माचा आवाज देवळाच्या रस्त्यापर्यंत यायचा. तू दुसरी औषधं द्यायचास, अफूचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर अधूनमधून यायचे, पण तिचं जेवण सुटलं ते सुटलंच. पूर्वी दुखणं शेजारच्या खोलीत जायचं म्हणाली होती. आता ते घरभर होतं.

महामखमला सगळं गाव माणसांनी भरलं. बैरागी तर ओवरीओवरीत. त्या धुराचा वास मला पन्नास वर्षांनीही ओळखू येतो. दुपारी तू जेवत असताना मी म्हणाले, "एवढे बैरागी आले आहेत. एकाकडून मूठभर घेऊन ये. मी ढवळते."

तुझा हात पानावरच थांबला. "अक्का, तू?"

"हव, मी. कण्णम्माला खायला घालायचं आहे ना?"

तू इतका हसलास की ठसका लागला. मी पाणी पुढे केलं. मग डोळे पुसून म्हणालास, "बैराग्याचं पान कुठलं, किती जोराचं, मला काय माहीत? पुन्हा तिची सासू उंबऱ्यावर बसायची." आणि पाणी पिऊन, "शिवाय मी साहेबाला सांगितलंय, नियम करा म्हणून. नियम मागायचा आणि ओवरीतून पान आणायचं, हे कसं जमेल?"

मला त्या वेळी तू दगडाच्या काळजाचा वाटलास. दर महिन्याला कचेरीत अर्ज लिहायचास. उत्तर आलं नाही की पुन्हा लिहायचास. एकाही अर्जात स्वतःचं रडगाणं नाही. रोग्याची अवस्था, औषधाची कृती, आणि शेवटी एकच मागणी, की चिलीम आणि औषध यांना एका माळेत ओवू नका. रघूने मला ते सगळे वाचून दाखवले. मी नाक मुरडत ऐकायला बसले होते. तिसऱ्या अर्जाला पदर तोंडाला लावावा लागला. अभिमानाने. तुला आवडो न आवडो, शब्द तोच आहे.

आणि आषाढात एका दुपारी ओट्यावर विडा लावता लावता तू मान टाकलीस. चुन्याचं बोट तसंच. "आलोच" म्हणाला होतास. भात गार झाला.

आता जे करायचं ते मी केलं आहे, ते सांगते.

रघू वैद्यकाची परीक्षा झालेला आहे, तुला माहीतच आहे. त्याने परवान्यासाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला. कचेरीतून विचारणा आली, की मागच्या वेळी दोष कसा झाला याचा खुलासा जोडा. घरातली पद्धतच सदोष असेल तर परवाना देता येणार नाही. रघू म्हणाला, "आत्या, माझ्या अप्पांचा खांदा दुखायचा, म्हणून ढवळणं कमी पडलं, असं लिहितो. ते आता नाहीत. कुणाला बाधणार नाही."

"मला बाधतं," मी म्हणाले. "कागद आण."

मी तमिळमध्ये लिहिलं, माझ्या हाताने. अक्षरं वाकडी आहेत, पण लागतात. लिहिलं की वैद्यरांनी साहेबांना सांगितलं ते एवढ्यापुरतं खोटं होतं. ढवळायला मी होते. पद्धत बरोबर आहे, मी पद्धत मोडली. नवऱ्याची तिथी होती, कावळा येईना म्हणून उठले. परत आल्यावर तळाला धरलेलं दिसलं, तरी बोलले नाही. वैद्यरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. पुढे लिहिलं की माझा नवरा याच पानाच्या चिलमीने गेला, म्हणून मी सांगते ते ऐका. चिलमीचं दुकान पुन्हा उघडू नका. पण आरुमुगम ओताऱ्याच्या घरावरून एकदा जा, त्याच्या बायकोचा आवाज ऐका, आणि मग ठरवा.

रघू वाचून म्हणाला, "आत्या, हे कचेरीत चार लोक वाचतील. गावात होईल. म्हणतील, म्हातारीने औषध बिघडवलं आणि भावाच्या नावावर खपवलं."

"खरंच आहे ते."

"कावळ्याचं तरी काढू या. हसतील."

"हसू देत. कावळा काढला तर मी का उठले ते कळणार कसं?"

खाली मी तमिळमध्ये सही केली, आणि तिच्याखाली मराठीतही. मराठी सही साहेबांसाठी नव्हती.

तुझ्या त्या खोट्यासाठी मी तुझे आभार मानणार नाही, माधवा. तू माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून ते बोललास. पण त्यामुळे तुझ्या एवढ्या खऱ्यामध्ये एक खोटं राहिलं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं म्हणून मला जास्त खुपत होतं. आता ते नाही. आता कचेरीतल्या त्या कागदांत तुझं सगळं खरं आहे. कुणीही काढून वाचावं.

आणि तुझ्या-माझ्या भांडणात मी तुझं अर्धं मान्य केलं आहे, पुरं नाही. पान बोलावतं, हे मी अजूनही म्हणते. पण ज्याला दुखणं आधीच बोलावून बसलं आहे त्याच्यासाठी दुसरा हिशोब लावायचा, हे तुझं म्हणणं मी कचेरीत माझ्या सहीने दिलं आहे. वर असशील तिथे फार हसू नकोस.

परवाना येईल की नाही, मला माहीत नाही. कण्णम्मा तोवर राहील की नाही, तेही माहीत नाही. काल मी तिच्याकडे गेले होते. पहिल्यांदा तिला सांगितलं, की तुझी सासू मी आणली होती. ती डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "मग नीट ढवळा आता, अम्मा."

परवाना आला तर आश्विनाच्या सुमाराला येईल. तिथी पडली तर पडली. भात मी भिंतीवर ठेवीन, दाराला आतून कडी घालीन आणि उरुळीसमोर पाट मांडीन. रघूला शेजारी बसवीन, म्हणजे तोही शिकेल.

कावळा थांबेल. नाही थांबला तर जाईल. पळी थांबणार नाही.